मानवी अल्फा-सिन्यूक्लिन : लेबल सारखे, आलेख निराळे. प्रथिनाची पारख कशी करावी?

चेतासंधी (धागाकर्ती)

नमस्कार. अल्फा-सिन्यूक्लिन या चेतापेशींतल्या, पार्किन्सनच्या आजाराशी जोडल्या गेलेल्या प्रथिनाचे तंतू होण्याला आळा घालणारी संयुगे शोधण्याच्या कामावर मी सध्या आहे. त्यासाठी जिवाणूंत तयार केलेले मानवी प्रथिन आम्ही एका पुरवठादाराकडून विकत घेतो. पहिल्या लॉटवर थायोफ्लेविन-टी (तंतूंना चिकटल्यावर चमकणारे रंगद्रव्य) वापरून काढलेले आलेख अपेक्षेप्रमाणे आले, म्हणजे आधी बराच काळ सपाट रेषा, मग चढ आणि शेवटी पुन्हा सपाटी. तो लॉट संपत आला म्हणून दुसरा मागवला. त्याच बफरमध्ये, त्याच प्रकारच्या प्लेटमध्ये, ३७ अंशांना आणि तितक्याच वेगाने हलवत ठेवूनही या वेळी सुरुवातीचा सपाट टप्पा जवळजवळ नाहीसा झाला आणि चमक पहिल्या वाचनापासूनच चढू लागली.

दोन्ही नळ्यांवरचा मजकूर सारखाच आहे : मानवी, रीकॉम्बिनंट, १४० अमिनो आम्ले, टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला जादा तुकडा) नाही, शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक. दोन्ही लॉट चाचणीत उत्तीर्ण झाले आहेत, एवढेच उत्तर पुरवठादाराकडून मिळाले. अशा वेळी दुसरा लॉट सदोष मानावा, की एवढी तफावत या प्रथिनात स्वाभाविक समजावी? शिवाय पुढे याच प्रथिनाचे तंतू करून ते संवर्धित चेतापेशींवर टाकायचे आहेत, त्यामुळे या प्रश्नाचा निकाल आत्ताच लागलेला बरा, असे वाटते.

अवसाद

लेबलवरची शुद्धता बहुतेक वेळा जेलवरून ठरवलेली असते, आणि जेलवर चढवण्यापूर्वी नमुना एसडीएसमध्ये, म्हणजे प्रथिने उलगडणाऱ्या अपमार्जकात, उकळलेला असतो. त्या उकळीत तंतू आणि छोटे गोळे सुटे होऊन बहुतांशी एकेकट्या रेणूच्या पट्ट्यातच येऊन बसतात. म्हणून ९५ टक्के या आकड्यावरून नळीत दुसरी प्रथिने फारशी नाहीत एवढे कळते. अल्फा-सिन्यूक्लिन स्वतः कोणत्या अवस्थेत आहे, याचा त्यातून काहीही बोध होत नाही. तुमच्या आलेखाचा आकार मात्र ठरतो तो नेमका त्या अवस्थेवर.

सपाट टप्पा नाहीसा होणे, याचा पहिला अर्थ नळीत आधीपासून बीज आहे असाच घ्यायला हवा. एकूण प्रथिनाच्या एखाद्या टक्क्याइतके तंतूंचे तुकडे असले तरी उरलेले रेणू त्यांच्या टोकांना जाऊन चिकटतात आणि नव्याने केंद्रक, म्हणजे तंतूची पहिली गुठळी, तयार होण्याची वाट पाहावीच लागत नाही. हे अंश डोळ्यांना दिसत नाहीत, द्रावण स्वच्छ पाण्यासारखेच राहते.

एक विचारतो. दोन्ही लॉट गोठवलेल्या द्रावणाच्या रूपात आले होते, की त्यांतला एखादा कोरडी पूड होता?

चेतासंधी

पहिला गोठवलेले द्रावण होता आणि दुसरा शीत-शुष्क पूड. माहितीपत्रकात तेवढा फरक होता खरा. पुडीवर लिहिलेले वजन प्रमाण मानून मी त्यात हिशेबाने बफर घातला आणि लगेच प्लेट लावली.

अवसाद

मग बराचसा उलगडा इथेच आहे. शीत-शुष्कीकरणात आणि पूड पुन्हा विरघळवताना काही रेणू एकमेकांना धरून बसतात, हे या प्रथिनाच्या बाबतीत नेहमी दिसते. पूड विरघळवल्यावर ती थेट प्लेटमध्ये कधीच घालू नये. एक तर सुमारे १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) इतक्या बलाने ४ अंशांना तासभर अल्ट्रासेंट्रिफ्यूज करून वरचा भाग अलगद काढून घ्यावा, नाही तर १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून द्रावण पार करावे. वेळ आणि साधन असेल तर आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून त्याच दिवशी काढलेला एकेकट्या रेणूंचा भाग सर्वांत चांगला.

गाळणीत आणि स्तंभावर थोडे प्रथिन गमावले जाते, म्हणून सांद्रता त्यानंतर मोजायची, आणि इथेच पुष्कळ जण चुकीचा आकडा धरून चालतात. अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही. २८० नॅनोमीटरला शोषण होते ते केवळ चार टायरोसिनमुळे, आणि मोलर गुणांक येतो ५,९६०. रेणुभार १४,४६० धरला तर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचे शोषण १ सेंटिमीटर मार्गाला ०.४१ येते. थेंबावर मोजणाऱ्या यंत्रात '१ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम' असे ठरीव मूल्य निवडलेले राहिले, तर पडद्यावर ०.४१ उमटेल आणि प्रत्यक्षात प्रथिन त्याच्या जवळजवळ अडीच पट असेल. त्याच वेळी ३४० नॅनोमीटरचे वाचनही पाहावे. तिथे या प्रथिनाचे शोषण होत नाही, त्यामुळे रेषा शून्यावर टेकत नसेल तर गोळ्यांमुळे प्रकाश विखुरतो आहे असे समजून पुन्हा गाळावे. पुडीच्या वजनात क्षारही धरलेले असू शकतात, म्हणून नळीवरच्या मिलिग्रॅमवर हिशेब करूच नये.

प्रयोगवही

मध्येच एक शंका. आमच्या जेलवर हे प्रथिन १७-१८ किलोडाल्टनच्या आसपास दिसते आणि आपण रेणुभार १४,४६० म्हणता. आमच्या नळीत टॅग शिल्लक राहिला असावा का?

भौतरसायन

तेवढ्यावरून टॅगचा निष्कर्ष काढू नये. ९६ ते १४० या शेवटच्या भागात आम्लधर्मी अमिनो आम्लांची दाटी आहे, तिथे एसडीएस कमी चिकटते आणि प्रथिन जेलमध्ये मागे रेंगाळते. आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभावर तर ते ५७-६० किलोडाल्टनच्या गोलाकार प्रथिनाच्या जागी उतरते, कारण त्याला ठरीव घडी नाही आणि सैल धाग्यासारखा रेणू आपल्या वजनाच्या मानाने बरीच जागा व्यापतो. त्या जागेवरून चार रेणूंचा संच असल्याचे अनुमान काढणे धोक्याचे आहे. पेशींमध्ये सर्पिलाकार चतुष्टय असते, असा दावा २०११ मध्ये झाला होता आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या जिवंत पेशींत एनएमआरने (चुंबकीय अनुस्पंदनाने) पाहिले असता हे प्रथिन तिथेही मुख्यतः एकेकटे आणि घडीविना असल्याचे दिसले.

टॅगचा निकाल वस्तुमान वर्णपटानेच लावावा. चेतासंधी यांनीही दोन्ही लॉटचे वस्तुमान मोजून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिले मेथिओनिन धरून आणि टॅगविना असलेल्या मानवी प्रथिनाचे शिखर १४,४६०वर यायला हवे. जिवाणूत पहिल्या अमिनो आम्लाचे ॲसिटिलीकरण होत नाही. मानवी पेशीत मात्र ते होते आणि वस्तुमान ४२ने वाढते. ॲसिटिल गट असलेले प्रथिन जिवाणूतच हवे असेल, तर यीस्टचे नॅटबी हे विकर त्याच पेशीत सोबत तयार करवून घेतात. पटलांशी होणाऱ्या बंधनावर संशोधन करणाऱ्यांनी हा फरक गौण मानू नये.

दुसरी गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. मानवी जनुकात १३६व्या टायरोसिनसाठी टीएसी हा संकेत आहे. ई. कोलायमध्ये तो कधी कधी चुकीचा वाचला जातो आणि तिथे टायरोसिनऐवजी सिस्टीन बसते. २००६ साली हे प्रसिद्ध झाले, आणि तो संकेत बदलून टीएटी केला की चूक टळते, हेही त्याच वेळी दाखवले गेले. मूळ अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये सिस्टीन एकही नाही. त्यामुळे असे रेणू मिसळले की गंधकाच्या दुव्याने जोड्या तयार होतात आणि क्षपणकारी द्रव्य न घालता चालवलेल्या जेलवर वर एक जादा पट्टा दिसतो. वर्णपटात हे रेणू मुख्य शिखराच्या ६० डाल्टन खाली, म्हणजे १४,४००च्या जवळ सापडतील. संकेत दुरुस्त केला आहे किंवा नाही, हे माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेले असते. विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रयोगवही

आभारी आहे. मग इतक्या शंका पुरवठादाराला विचारत बसण्यापेक्षा प्रथिन स्वतःच का तयार करू नये? निदान काय केले ते आपल्या वहीत तरी राहील.

अवसाद

ज्यांना वर्षभर हेच प्रथिन लागणार आहे, त्यांनी ते अवश्य स्वतः करावे. रीकॉम्बिनंट प्रथिनांमध्ये हे हाताळायला सोपे आहे. ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) या वाणाच्या पेशी वाढवून प्रथिननिर्मिती सुरू करणारे आयपीटीजी हे द्रव्य द्यायचे, काही तासांनी पेशी गोळा करून फोडायच्या आणि तो अर्क सरळ उकळत्या पाण्यात ठेवायचा. जिवाणूची बहुतेक प्रथिने दह्यासारखी साकळून खाली बसतात आणि अल्फा-सिन्यूक्लिन वरच्या द्रावणात विरघळलेलेच राहते, कारण बिघडायला त्याला घडीच नाही. मग धन प्रभार असलेला आयन-विनिमय स्तंभ आणि शेवटी आकाराचा स्तंभ. टॅग लावायची गरज पडत नाही, आणि लावूही नये असे माझे ठाम मत आहे, कारण जिथे रेणूंची टोकेही तंतू होण्याच्या गतीवर परिणाम करतात, तिथे हिस्टिडीनची सहा अक्षरे जोडून मोजमाप करण्यात अर्थ नाही.

शेवटच्या स्तंभानंतर सांद्रता मोजून लहान भाग करावेत, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० अंशांना ठेवावेत आणि एक भाग एकदाच वितळवावा. उरलेला थेंबभर वाचवण्यासाठी पुन्हा गोठवलेले प्रथिन गतीच्या मोजमापाला वापरू नये.

पेशीसंवर्धन

चेतासंधी यांनी चेतापेशींचा उल्लेख केला आहे, त्यावर मला लिहायचे आहे. गतीच्या आलेखाला जे प्रथिन चालते ते पेशींना चालेलच असे नाही, आणि त्याचे कारण आहे जिवाणूच्या बाह्यपटलातले अंतर्विष. ते उकळून नष्ट होत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत अडकत नाही. त्यावर आणि अल्फा-सिन्यूक्लिनवर दोन्हीकडे ऋण प्रभार असल्यामुळे आयन-विनिमय स्तंभावर ते वेगळे होईल याची खात्री नसते. इतर प्रथिनांबाबत 'उकळल्यावर परिणाम नाहीसा झाला, म्हणजे तो प्रथिनाचाच होता' असा पडताळा घेतात. तो इथे निरुपयोगी आहे, कारण उकळून अंतर्विषही टिकते आणि एकेकटे अल्फा-सिन्यूक्लिनही.

सूक्ष्मग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, टीएलआर४ या ग्राहीमार्फत अंतर्विषाचा अत्यल्प अंशही ओळखतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. तंतूंमुळे दाह होतो, असे मांडणाऱ्या प्रयोगात अंतर्विषाचा आकडा दिलेला नसेल, तर त्या निष्कर्षावर मी तरी विसंबणार नाही. ट्रायटन एक्स-११४ या अपमार्जकाने अंतर्विष काढता येते, मात्र नंतर ट्रायटनचा अंशही पेशींना बाधू नये इतका धुवावा लागतो. त्यानंतर अंतर्विष मोजणारी लिम्युलस चाचणी करून येणारा आकडा प्रथिनाच्या प्रति मिलिग्रॅम हिशेबाने नोंदवावा. शिवाय त्याच बॅचचे एकेकटे रेणू आणि प्रथिनाविना तसाच हाताळलेला बफर, हे दोन्ही नियंत्रण म्हणून प्रत्येक वेळी सोबत ठेवावेत.

तुमच्या चेतापेशी उंदराच्या असतील, तर आणखी एक विचार करावा लागेल. उंदराचे अल्फा-सिन्यूक्लिन मानवी प्रथिनाहून सात ठिकाणी वेगळे आहे, आणि त्यांतले एक ठिकाण म्हणजे ५३वे. तिथे उंदरात मुळातच थ्रिओनिन असते. मानवात तोच बदल, म्हणजे ए५३टी, १९९७ मध्ये आनुवंशिक पार्किन्सनशी जोडला गेला. त्याच वर्षी लेवी पिंडांमध्ये, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या चेतापेशींत आढळणाऱ्या गोळ्यांमध्ये, हे प्रथिन साठलेले असल्याचे दिसले आणि या क्षेत्राची दिशाच बदलली. उंदराच्या पेशींत मानवी तंतूंपेक्षा उंदराचेच तंतू अधिक परिणामकारक बीज ठरतात, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. मानवी तंतूच वापरायचे असतील, तर परिणाम क्षीण आला म्हणून घाईने प्रथिनाला दोष देऊ नये.

चेतासंधी

सर्वांच्या सूचनांप्रमाणे केले, त्याचे निकाल लिहिते. दुसऱ्या लॉटची पूड विरघळवून १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून काढली, ५,९६० या गुणांकाने सांद्रता मोजली आणि ३४० नॅनोमीटरला रेषा शून्यावर आहे हे पाहून प्लेट लावली. सपाट टप्पा परत आला. तो पहिल्या लॉटच्या जुन्या आलेखाशी अगदी जुळत नाही, पण पहिला लॉटही त्याच गाळणीतून काढून शेजारी लावल्यावर दोन्ही रेषा पुष्कळ जवळ आल्या. प्लेटमधल्या एकाच नमुन्याच्या शेजारशेजारच्या खळग्यांतही थोडा फरक राहतो, तो मात्र गेलेला नाही.

वस्तुमानाचा निकाल अनपेक्षित आहे. दुसऱ्या लॉटमध्ये १४,४६०वर एकच शिखर आहे. पहिल्या लॉटमध्ये त्याच्या बरोबर ६० खाली आणखी एक लहान शिखर दिसते. म्हणजे ज्या लॉटला मी चांगला समजत होते त्यात सिस्टीन असलेले रेणू आहेत आणि ज्यावर शंका घेतली होती तो रचनेने निर्दोष आहे. आता पहिल्या लॉटवर प्रभावी ठरलेल्या संयुगांचे काय करावे?

भौतरसायन

निकाल इतक्या बारकाईने मांडलात, हे फार चांगले झाले. खळग्याखळग्यांतला फरक काही अंशी राहणारच. उदासीन पीएचला, न हलवता ठेवलेल्या द्रावणात हे प्रथिन स्वतःहून केंद्रक जवळजवळ करतच नाही. प्लेट हलवल्यावर हवा आणि पाणी यांच्या सीमेवर ते सुरू होते, म्हणून खळग्यातला लहानसा बुडबुडा किंवा काचेचा मणीही सपाट टप्प्याची लांबी बदलतो. गतीची तुलना करायची असेल तर स्वयंस्फूर्त सुरुवातीवर अवलंबून न राहता मोजून घेतलेले बीज घालावे आणि तंतू लांबण्याचा वेग मोजावा. पीएच ६च्या खाली गेला की तंतूंच्या पृष्ठभागावरून नवे केंद्रक भराभर निघू लागतात आणि मोजमापाचा अर्थच बदलतो, हेही ध्यानात असू द्यावे.

संयुगांविषयी सांगायचे तर ज्यांच्यात सिस्टीनच्या गंधकाशी जोडला जाणारा गट आहे, त्यांचा पहिल्या लॉटवरचा परिणाम मानवी अल्फा-सिन्यूक्लिनवरचा परिणाम म्हणून धरता येणार नाही. ती सर्व दुसऱ्या लॉटवर पुन्हा तपासावी लागतील. बहुफिनॉल वर्गातल्या संयुगांबाबत वेगळी अडचण आहे. त्यांतली काही थायोफ्लेविनला तंतूंवरून हटवतात किंवा त्याची चमक शोषून घेतात, आणि तंतू शाबूत असतानाही आलेख खाली येतो. थायोफ्लेविनला सुमारे ४४० नॅनोमीटरला उद्दीपित करून ४८०च्या पुढेमागे वाचतात, त्यामुळे त्या पट्ट्यात रंग असलेले प्रत्येक संयुग संशयास्पद मानावे. प्रयोगाच्या शेवटी खळग्यातले द्रावण अल्ट्रासेंट्रिफ्यूज करून वर किती प्रथिन उरले ते मोजावे आणि खालचा अवसाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. रंगद्रव्याविना आलेला हा निकाल आलेखाशी जुळला, तरच त्या संयुगाला प्रभावी म्हणावे.

चेतासंधी

तसेच करते. पहिल्या लॉटवरचे काम थांबवले आहे आणि दुसऱ्याच लॉटची पुरेशी पूड राखून ठेवायला सांगितली आहे. पेशीसंवर्धन यांना शेवटचा प्रश्न. तंतू केल्यावर ते पेशींवर टाकण्याआधी कसे हाताळावेत आणि उरलेल्यांची विल्हेवाट कशी लावावी?

पेशीसंवर्धन

एकेकटे प्रथिन मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या सांद्रतेने, ३७ अंशांना, मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगाने आठवडाभर हलवत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तयार तंतू बर्फावर किंवा ४ अंशांना साठवू नयेत, कारण कमी तापमानात ते हळूहळू सुटे होऊ शकतात. लहान भाग करून उणे ८० अंशांना ठेवावेत आणि वितळवायचे ते खोलीच्या तापमानाला. पेशींवर टाकण्यापूर्वी त्याच दिवशी अल्ट्रासोनिकेटरने त्यांचे तुकडे करावेत आणि बहुतेक तुकडे ५० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान झाले आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे. लांब तंतू पेशींत नीट शिरत नाहीत. अशा वेळी परिणाम दिसला नाही, तर तो प्रथिनाचा दोष की तुकड्यांच्या लांबीचा, हे नंतर सांगता येत नाही.

हे तंतू उंदराच्या मेंदूत टोचले असता विकृती एका भागातून दुसऱ्या भागात पसरत जाते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. म्हणून अल्ट्रासोनिकेटरचे काम बंद नळीत किंवा सुरक्षा कक्षातच करावे आणि तुषार उडू देऊ नयेत. नुसत्या अल्कोहोलने पुसून टेबल स्वच्छ झाले असे मानू नये. तंतू लागलेल्या टोप्या, नळ्या आणि पृष्ठभाग १ टक्का एसडीएसने धुवावेत, धुतलेले पाणीही वेगळे गोळा करावे, आणि अल्ट्रासोनिकेटरची दांडी प्रत्येक वापरानंतर तशीच धुवून घ्यावी. नाही तर पुढच्या खेपेला एकेकट्या रेणूंच्या नळीत तिच्यावरूनच बीज पडेल.

चेतासंधी

आमच्याकडे ती दांडी इतरही वापरतात. तिच्यासाठी एसडीएसची बाटली यंत्राशेजारीच ठेवते आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला सूचना लिहून देते. संयुगांचे नवे निकाल आले की याच धाग्यावर मांडेन.